खांदा आणि मनगट

चेंडू सीमारेषेवरून थेट उसाच्या फडात गेला आणि माझ्या वडिलांनी हात वर केला. डावा. फक्त डावा.

मी स्कोअररच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. स्कोअरर म्हणजे शिरगुप्पे सर. आठवडाभर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी सामन्यांचे स्कोअर लिहायचे. त्यांनी मान वर करून मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिलं आणि वहीत बारीक, सुबक अक्षरात एक बाय लिहिली.

मी म्हटलं, "सर, सिक्स आहे तो. चेंडू शोधायला तिघं उसात शिरलेत."

"शिरू देत की. एक हात वर, पंजा उघडा. म्हणजे बाय."

"पण तुम्हाला चेंडू दिसला ना?"

"मला दिसून काय उपयोग?" सर म्हणाले. "मैदानात काय झालं ते स्कोअररनं लिहायचं नसतं. अंपायरनं काय दाखवलं ते लिहायचं. तुझ्या वडिलांनीच शिकवलंय."

ते खरं होतं. सांगली जिल्ह्यातले निम्मे स्कोअरर अप्पांच्या हाताखाली तयार झालेले. षटकार दाखवायचा तर दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. एकच वर केला तर चेंडू बॅटला न लागताच धाव निघाली असा त्याचा अर्थ होतो. सव्वीस वर्षं पंच म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, हे शक्यच नव्हतं.

सामना तीन धावांनी संपला. षटकार आणि ती बाय यांच्यात फरक पाच धावांचा. पुढचा तासभर मंडपात जे झालं त्यात दोन खुर्च्या मोडल्या. शेवटी दुरुस्ती झाली, हरलेले जिंकले, आणि आधी जिंकलेले जाताना अप्पांच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांतली हवा सोडून गेले.

पंक्चरच्या दुकानापर्यंत स्कूटर ढकलत नेताना मी विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले की उजवा हात वर जात नाही. गणपतीपासून. आणि हे आईला सांगायचं नाही. घरी पोचल्यावर कळलं की आईला ते गौरीच्या आधीपासून माहीत होतं आणि अप्पा कधी स्वतः सांगतात याची ती वाट बघत होती.

मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट अल्मास बागवान माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी हात उचलून, फिरवून, मागे नेऊन पाहिला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी खिडकीबाहेरच्या रिक्षांकडे बघितलं. खांदा धरलाय, त्या म्हणाल्या. सुटेल, पण त्याच्या वेळेनं, आणि रोज हलवला तरच. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत वर वर न्यायची, दारावरून दोरी टाकून ओढायची, दिवसातून तीन वेळा.

अप्पांनी घरी तीन दिवस ते केलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "भिंतीवर चढायला मी काय पाल आहे का?"

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्या सोमवारी खोतकाका आले. दत्ता खोत म्हणजे जिल्हा संघटनेचे सचिव आणि अप्पांचे तीस वर्षांचे मित्र. त्यांनी दोन कप चहा प्यायला, भडंग खाल्लं, ऊस कारखान्याला कधी जाणार याची चर्चा केली आणि मग सांगितलं की जानेवारीच्या अंतिम सामन्यासाठी समितीनं कुरण्यांचं, म्हणजे अप्पांचं, नाव घातलंय, पण त्या बायचा बभ्रा झालाय. सामन्याच्या आधीच्या रविवारी कुरण्यांनी समितीसमोर षटकार दाखवायचा. दोन्ही हातांनी. नाही जमलं तर दुसरा माणूस उभा राहील.

अप्पा मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण करणार होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि संघटनेच्या नियमानं पंचगिरीतूनही. सव्वीस वर्षांत त्यांना अंतिम सामना एकदाही मिळाला नव्हता. दोनदा नाव लागलं. एकदा गावात दंगलीमुळे जमावबंदी झाली आणि सामना इस्लामपूरला, तिथल्या पंचांकडे गेला. दुसऱ्यांदा, अठ्ठ्याऐंशी साली, ऐन सामन्याच्या सकाळी माझा जन्म झाला. मी दोन दिवस थांबले असते तर, हे वाक्य मला दर वाढदिवसाला केकच्या आधी मिळायचं.

मी तेव्हा घरीच होते. बीएस्सी फिजिक्स झालं होतं, आणि जूनमध्ये पुण्याच्या एमएस्सीचा प्रवेश दोन गुणांनी हुकला होता. वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असं ठरलं होतं; म्हणजे मी उशिरा उठायची, कमी बोलायची आणि कुणी 'पुढं काय?' विचारलं की आतल्या खोलीत जायची.

त्याच सुमारास माझा मावसभाऊ कंपनीच्या कामानं दोन वर्षांसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याचं सामान आमच्याकडे ठेवून गेला. त्यात एक पांढरं खोकं होतं. टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र. त्याचा रिमोट हातात धरून हात हलवला की पडद्यावरचा खेळाडू तसाच हलतो. टेनिस खेळायचं तर खरंच रॅकेट मारल्यासारखा हात मारायचा. दुपारी मी ते जोडलं, स्वतः दहा मिनिटं खेळले आणि सर्व्हिस करताना माझा उजवा हात पूर्ण डोक्यावर गेलेला बघून तशीच उभी राहिले.

कल्पना मी संध्याकाळी मांडली. बागवान मॅडमना फोन करून विचारलंही होतं. खेळू दे, पण भिंत सोडायची नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. यातला दुसरा अर्धा भाग मी गाळला.

अप्पांनी आधी यंत्राची चौकशी केली. पंच कोण आहे यात? मी म्हटलं, यंत्रच. ते म्हणाले, मग अपील कुणाकडे करायचं? अपील नसतं म्हटल्यावर त्यांचं यंत्राबद्दलचं मत जे खराब झालं ते शेवटपर्यंत सुधारलं नाही. मग पडद्यावर त्यांचा बाहुला तयार करायचा होता. मी त्याला टक्कल, मिशी आणि जाड भुवया दिल्या. बाहुल्याचं डोकं गोल, अंग डमरूसारखं आणि हात म्हणजे हवेत तरंगणारे नुसते दोन पंजे. दंड, कोपर, खांदा असं मध्ये काहीच नाही. अप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"सुखी आहे," ते म्हणाले.

खेळ निवडण्यासाठी रिमोट पडद्याकडे रोखायचा, की पडद्यावर एक छोटा पंजा त्या दिशेनं सरकतो. अप्पांनी रोखला. पंजा टेनिसच्या चित्रापर्यंत आला आणि अचानक डावीकडे धावत सुटला. परत आणला, परत धावला. हात थरथरतोय म्हणून अप्पा चिडले. मी घेऊन बघितलं, तर माझ्याही हातात तेच. दुपारी तर ठीक होता. दुपारी आणि आत्ता यांत काय बदललं, याचा विचार करत मी खोलीवर नजर फिरवली. टीव्हीच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर आमचा देव्हारा. त्यात आईनं नुकतीच लावलेली समई.

रिमोटच्या टोकाला एक कॅमेरा असतो. टीव्हीवर ठेवलेल्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा उजेड येतो, तो बघून रिमोट आपली दिशा ठरवतो. समईच्या ज्योतीतूनही तसाच उजेड येतो. यंत्राला दोन्ही सारखेच. मला इतका आनंद झाला की मी आईला स्वयंपाकघरातून बोलावून सगळं समजावून सांगितलं.

आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्याला देव दिसतो एवढंच ना? मग बरंय की." समई हलवायला तिनं साफ नकार दिला. तिन्हीसांजेचा दिवा खेळासाठी विझवणाऱ्या घरात ती राहणार नव्हती.

अप्पांनी निर्णय दिला की समई शांत होईपर्यंत खेळ बंद. कमी उजेडामुळे खेळ थांबवण्याची वेळ त्यांच्यावर कैकदा आली होती. जास्त उजेडामुळे थांबवायची ही पहिलीच. तेव्हापासून आमचा खेळ रोज पावणेआठला सुरू व्हायचा.

प्रयोग करायचा तर नीट, म्हणून मी पहिल्याच दिवशी कोन मोजला होता. भिंतीवर पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक, ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेली किल्ली. अप्पांचा उजवा हात बाजूनं चौऱ्याऐंशी अंशांपर्यंत गेला. जमिनीला समांतरही नाही. आठवड्यानं पुन्हा मोजायला गेले तर त्यांनी हात खिशात घातला. "रोज उपटून बघितला तर मुळा वाढत नाही," ते म्हणाले. "खेळात काय होतंय ते बघ की."

हे मला पटलं. यंत्र प्रत्येक सामन्यानंतर खेळाडूला गुण द्यायचं, जिंकलं की वाढवायचं, हरलं की कमी करायचं. खांदा सुटला तर हात जोरात फिरेल, हात जोरात फिरला तर गुण वाढतील. मी आलेख कागद आणला, कपाटाच्या दाराला चिकटवला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर गुण.

पहिले आठ दिवस ठिपके जमिनीवरच रांगत होते. अप्पा ओठ आवळून हात उचलायचे, चेंडू निघून गेल्यावर तो फिरायचा. नवव्या दिवशी पहिला सामना जिंकले. बाराव्या दिवशी तीन. मग ठिपके असे वर निघाले की मला वर दुसरा कागद जोडावा लागला. मी रोज सकाळी उठून आधी तो आलेख बघायची. उतार काढायची. याच वेगानं गेलं तर नाताळापर्यंत खांदा मोकळा, असं मी बागवान मॅडमना फोनवर सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, छान, पण काकांना एकदा दाखवायला आणा. अप्पांना कचेरीतून रजा मिळेना.

आईही खेळायला लागली होती. ती पदर खोचून, पाय रोवून, कमरेपासून वळून असा फटका मारायची की एकदा तिच्या हातानं अप्पांचा चष्मा शोकेसपर्यंत गेला. आणि दर वेळी हरायची. अप्पा तिच्या शेजारी सोफ्याला टेकून उभे असायचे आणि जिंकायचे. एकदा घाम पुसत ती म्हणाली, "मी मारते झाडूसारखं आणि तुम्ही मारता मीठ टाकल्यासारखं, आणि जिंकता तुम्हीच. हे कसं?"

मी तिला सांगितलं की तिचं टायमिंग चुकतंय.

नाताळच्या आधीच्या शनिवारी मी वाचनालयात गेले होते. ते बंद होतं म्हणून अर्ध्या तासात परत आले. फाटक उघडंच होतं. व्हरांड्यातून जाताना खिडकीतून टीव्हीचा आवाज आला, चेंडूचा टप्पा आणि लोकांचा जल्लोष. मी आत बघितलं.

अप्पा आरामखुर्चीत पडले होते. पाय स्टुलावर. डाव्या हातात शेंगदाण्यांची वाटी. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर निवांत पसरलेला, त्यात रिमोट. चेंडू आला की ते मनगटाला एक बारीक झटका द्यायचे, वरणात चमचा फिरवावा तसा. पडद्यावर त्यांचा बाहुला उडी मारून सर्व्हिस करायचा. समोरच्या कोर्टात यंत्राचा सगळ्यात वरच्या दर्जाचा खेळाडू होता आणि तो हरत होता.

मी तिथंच उभी राहिले. मला राग येण्याआधी लाज वाटली. रिमोटच्या आत एक लहानसा तुकडा असतो, तो फक्त रिमोटला किती झटका बसला ते मोजतो. तो झटका खांद्यातून आला की मनगटातून, हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी महिनाभर मनगट मोजून त्याला खांदा म्हणत होते.

मी आत गेले आणि टीव्ही बंद केला. अप्पांनी वाटी खाली ठेवली. मी कोनमापक भिंतीला लावला, किल्लीचा दोरा सोडला. ते उठले, भिंतीला टेकले आणि हात उचलला.

एकोणनव्वद.

"पाच अंश," मी म्हटलं. "महिन्यात पाच. कुणाला फसवत होता? मला? खोतकाकांना? तो रविवार महिन्यावर आलाय अप्पा, तिथं काय मनगट दाखवणार आहात?"

ते खुर्चीच्या दांडीवर बसले.

"पहिले आठ दिवस खरंच मारत होतो," ते म्हणाले. "मग एक दिवस दुखलं म्हणून हात वर नेलाच नाही, नुसता झटकला, आणि सर्व्हिस बसली. तू ठिपका दिलास. वर."

"मग?"

"मग तू आईला बोलावून दाखवलास. हसत होतीस. जून गेल्यापासून पहिल्यांदा." ते आलेखाकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. "दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठलीस. म्हटलं, आणखी एक ठिपका जाऊ दे वर. मग खाली आणायचा धीर होईना."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती कधीपासून तिथं होती कुणास ठाऊक. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की मीठ टाकल्यासारखं हे तिनं उगाच म्हटलेलं नव्हतं.

मी कपाटापाशी गेले, दोन्ही कागद काढले आणि घडी घालून ठेवले. नवा कागद लावला. या वेळी उभ्या अक्षावर लिहिलं: कोन, अंशांत.

मग मी क्रेप बँडेज आणलं आणि रिमोट अप्पांच्या हातात न देता त्यांच्या दंडाला बांधला, कोपराच्या वर. आता मनगट कितीही नाचवलं तरी यंत्राला कळणार नव्हतं. दंड हलला तरच बाहुला हलणार. अप्पांनी दोनदा मनगट झटकून खात्री करून घेतली. बाहुला ढिम्म.

"हे मात्र पंचासारखं वागलं," ते म्हणाले.

पुढचे दिवस अप्पांच्या खेळाच्या दृष्टीनं लाजिरवाणे होते. यंत्रानं त्यांचे महिनाभराचे गुण आठवड्यात काढून घेतले. आई त्यांना रोज हरवायची आणि हरवल्यावर शेजारच्या काकूंना व्हरांड्यातून ऐकवायची. सर्व्हिस करताना ते 'आई गं' म्हणायचे आणि आई स्वयंपाकघरातून 'काय?' म्हणायची. भिंतही सुरू झाली, दोरीही. बागवान मॅडमकडे मी त्यांना स्वतः घेऊन गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्या आधी हसल्या आणि मग अप्पांना इतकं बोलल्या की आईला त्यांची कीव आली. कोन ब्याण्णव झाला, सत्त्याण्णव झाला, चार दिवस तिथंच अडला, मग एकदम एकशे दहा. मॅडम म्हणाल्या की खांदा सुटायची वेळ आलीच होती, यंत्राला उगाच श्रेय देऊ नका. एकच खांदा, तुलना करायला दुसरा नाही. यावर मला काही सिद्ध करता येत नव्हतं. दुसरा होता, पण तो चांगला होता.

समितीपुढच्या रविवारी कोन एकशे एक्कावन्न होता. संघटनेच्या कचेरीत खोतकाका आणि दोघं जण खुर्च्यांवर बसले होते. अप्पा मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. डावा सरळ, उजवा कोपरात थोडा वाकडा. एक जण म्हणाला, हे षटकारापेक्षा एसटीला हात केल्यासारखं दिसतंय. अप्पांनी हात खाली न घेता त्यांना नियम सांगितला: दोन्ही हात डोक्याच्या वर. सरळ असावेत असं कुठंही लिहिलेलं नाही. नियम संपेपर्यंत हात वरच होते. खोतकाकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "घ्या खाली, कुरणे. पटलं."

अंतिम सामन्याच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. गेले चार महिने डोक्यातून घालायचे कपडे घालायला आणि काढायला अप्पांना आई लागायची. तिनं त्यांना पांढरा हातविणीचा स्वेटर चढवला, वर पंचांचा कोट घातला आणि डबा घेऊन आमच्याबरोबर मैदानावर आली. अठ्ठ्याऐंशी सालानंतर ती प्रथमच सामन्याला येत होती.

मी शिरगुप्पे सरांशेजारी बसले. पहिल्या डावात एकही षटकार लागला नाही. चौकार अठरा, वाइड अकरा. वाइडला दोन्ही हात आडवे पसरावे लागतात, ते अप्पांनी इतके ताणून दाखवले की शेवटी गोलंदाजानं त्यांच्याकडे वळून हात जोडले. दुसऱ्या डावातही दुपार टळली तरी षटकार नाही. मला एव्हाना कोण जिंकतंय याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. कुणीतरी एक उंच मारावा, एवढंच.

शेवटून दुसऱ्या षटकात दहाव्या क्रमांकाच्या फलंदाजानं तो मारला. चेंडू इतका उंच गेला की मंडपातले सगळे उठले. आई उठली. चेंडू समोरच्या सीमारेषेवर, चुन्याच्या पट्ट्यापाशी पडला, धूळ उडाली, आणि फलंदाजाच्या संघानं दोन्ही हात वर करून ओरडायला सुरुवात केली. सहा, सहा. अप्पा त्या दिशेला तोंड करून उभे होते. ते वळले. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं.

त्यांनी उजवा हात छातीसमोर आडवा हलवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. टेबल पुसल्यासारखा. चार.

मंडपातून जे शब्द आले ते मी लिहिणार नाही. कुणीतरी त्यांना चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तो संघ चार धावांनी हरला. सहा दिले असते तरी दोन धावांनी हरलाच असता, पण ओरडणाऱ्यांना हे गणित कोण सांगणार? त्यानंतर षटकार लागला नाही. अप्पांचा शेवटचा सामना संपला.

बक्षीस समारंभाला ते थांबले नाहीत. मंडपामागे, जिथं दोन दगडांवर फळी टाकून पाण्याचे जार ठेवले होते, तिथं ते आले. मी आणि आई त्यांची वाट बघत होतो.

"किती आत होता?" मी विचारलं.

"वीतभर."

"कुणालाच दिसलं नव्हतं. मलाही नाही."

"मला दिसलं," अप्पा म्हणाले, आणि तांब्याभर पाणी प्यायले.

डब्याच्या पिशवीचे बंद आई उगाच सोडत होती आणि बांधत होती. अप्पांनी कोट काढून माझ्याकडे दिला. उन्हानं आणि दिवसभर उभं राहिल्यानं ते घामेजले होते. त्यांनी स्वेटरचा खालचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला.

आई सवयीनं पुढं झाली. मी तिचा हात धरला.

स्वेटर छातीपर्यंत आला, मग हनुवटीपर्यंत, आणि गळ्यापाशी अडकला. अप्पांचं डोकं आत नाहीसं झालं. ते थोडे झुकले, कण्हले, आणि मग दोन्ही हात ताणून सरळ वर गेले. दोन्ही. कोपरासकट. डोक्याच्या जागी पांढऱ्या लोकरीचा गोळा आणि त्यातून आभाळाकडे गेलेले दोन हात, असे ते पाण्याच्या जारांमध्ये उभे होते. समोरून चाललेले खोतकाका जागीच थांबले.

"कुणी आहे का तिथं?" स्वेटरच्या आतून आवाज आला. "काय बघताय?"

"काही नाही," आई म्हणाली. "सहा."